हे कोणाला कळायला हवं?

ठाणे सुटलं की बायकांच्या डब्यात फोन सुरू होतात. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कल्याणहून आलेली फास्ट, मी दोन बाकांच्या मधे उभी. खिडकीपाशी बसलेली पंचविशीतली मुलगी फोनवर बोलत होती. "गुरुवारी कमिटी बसतेय. तिने सगळं लिहून दिलंय. हो गं, तोच, अकाउंट्समधला. साक्षीला आपल्या रिसेप्शनवालीला बोलावलंय म्हणे." मग तिने तक्रार करणारीचं नाव घेतलं, आडनावासकट. आवाजात कुचाळकी अजिबात नव्हती. उलट काळजी होती. "बिचारी रात्रभर झोपली नाहीये," असंही ती म्हणाली. समोरच्या बाई मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला.

घाटकोपरला मी मेट्रोसाठी उतरते. उतरण्याआधी वाकून तिला हळूच म्हटलं, "बाळा, जिचं नाव घेतलंस तिच्या ओळखीचं कोणीतरी या डब्यात असू शकतं." तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "पण काकू, मी तर फक्त मैत्रिणीला सांगत होते."

हे वाक्य मी ऑफिसात किती रूपांत ऐकलंय! मी तर फक्त ग्रुपवर टाकलं. मी तर फक्त सीसीत ठेवलं. मी तर फक्त साहेबांच्या कानावर घातलं.

आता अंधेरीच्या एमआयडीसीत आणि त्याआधी मुंबईतच इतर ठिकाणी मिळून बावीस वर्षं मी प्रशासन विभागात आहे. मेमो, परिपत्रकं, खुलासे, चौकशीची पत्रं हे माझं रोजचं काम. या काळात माझं एक मत पक्कं झालंय. ऑफिसातल्या बोलण्यामुळे जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं वाईट शब्दांनी होत नाही. नको त्या कानावर गेलेल्या साध्या शब्दांनी होतं. शिवी दिली तर चूक सगळ्यांना दिसते, माणूस माफी तरी मागतो. पण खरी असलेली, चांगल्या मनाने सांगितलेली गोष्ट भलतीकडे पोचली की कोणाचं तरी जगणं उसवतं, आणि सांगणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून काहीही लिहिण्याबोलण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे कोणाला कळायला हवं?

ऑफिसात कसं बोलावं याचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तुकडे आहेत. बदनामी भारतीय न्याय संहितेत आहे, लैंगिक छळाला २०१३चा स्वतंत्र कायदा आहे, मेल आणि मेसेज माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येतात, शेअर बाजाराशी संबंधित गुपितं त्या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांत. पण हे तुकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले की जवळजवळ प्रत्येकात हाच प्रश्न दडलेला दिसतो.

तक्रार आणि तिची गुप्तता

डब्यातल्या त्या मुलीपासूनच सुरुवात करू. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ साली झाला. त्याआधी १९९७पासून सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं देशभर लागू होती. ती आली राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणामुळे. बालविवाह रोखण्याचं सरकारी योजनेतलं काम करत असताना, त्या कामाचाच राग धरून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यातून न्यायालयापुढे आला. आज आपल्या ऑफिसात अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा जो बोर्ड लावलेला असतो, त्याच्यामागे एका बाईने सोसलेलं हे सगळं आहे. तो बोर्ड पाहताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

या कायद्यात छळ म्हणजे अंगाला हात लावणं एवढंच नाही. लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणं, शरीरसुखाची मागणी, नको असलेलं त्या प्रकारचं कुठलंही बोलणं किंवा हावभाव, सगळं त्यात येतं. यातला कळीचा शब्द आहे 'नको असलेलं'. बोलणाऱ्याने मस्करीत म्हटलं होतं की नाही याच्यापेक्षा ऐकणारीला ते हवं होतं का, हे आधी पाहिलं जातं. कामाचं ठिकाण म्हणजेही ऑफिसच्या चार भिंती नव्हेत. कंपनीची बस, कामानिमित्त गेलेलं हॉटेल, साइट, हे सगळं कामाचंच ठिकाण.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक व्यक्ती बाहेरची. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुंबईत जिल्हे दोन आहेत, शहर आणि उपनगर. आपलं ऑफिस कुठल्या जिल्ह्यात येतं ते आधी पाहून घ्यावं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आणि जिला लिहून देता येत नाही तिला लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. उपकार नाही. हाउसकीपिंगच्या किती बायका केवळ 'लेखी' या शब्दाला घाबरून गप्प बसतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे हा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत मुद्दाम दोनदा सांगते.

आता गुप्तता. कायद्याचं सोळावं कलम सांगतं की तक्रारीतला मजकूर, तक्रार करणारी, जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती, साक्षीदार, चौकशीत काय झालं, समितीने काय शिफारस केली, यातलं काहीही लोकांपर्यंत किंवा प्रसारमाध्यमांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. न्याय मिळाला हे सांगता येतं, पण कोणाचीही ओळख पटेल असं काही न सांगता. तक्रार हाताळायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी हे मोडलं तर त्यांना पाच हजार रुपये दंड आहे. रक्कम लहान वाटेल. नुकसान लहान नसतं. नाव फुटलं की साक्षीदार मागे सरतात, घरी सासरचे विचारायला लागतात आणि तक्रार 'आपणहून' मागे घेतली जाते. तसंच, ज्या पुरुषावर आरोप आहे त्याची चौकशी व्हायची असते. त्याचाही निकाल आधीच लोकलच्या डब्यात लागता कामा नये. गुप्तता दोघांसाठी आहे. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती आपोआप खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. खोटेपणाबद्दल कारवाई करायची तर दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो.

मग मैत्रिणीने आपल्याला येऊन सांगितलं तर काय करायचं? ऐकून घ्यायचं. तिला एकटं सोडायचं नाही. हवं तर समितीच्या अध्यक्षांपर्यंत तिच्याबरोबर चालत जायचं. पण तिचं सांगणं आपल्यापाशी ठेव म्हणून आलेलं असतं. तिने कोणाला सांगायचं ते तिने ठरवायचं.

शब्दांची सीमारेषा कुठे आहे, याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल जवळजवळ ठेवून वाचण्यासारखे आहेत. २०२४ साली न्यायालयाने म्हटलं की स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा 'शब्द उच्चारणं' यात ईमेलमध्ये लिहिलेला शब्दही येतो. ते प्रकरण ऑफिसचं नव्हतं, दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीचं होतं, पण नियम मेल लिहिणाऱ्या सगळ्यांनाच लागू पडतो. जुन्या दंडविधानातलं ५०९ कलम आता न्याय संहितेत ७९ झालंय आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरा निकाल मार्च २०२५चा. एका सहकारी महिलेच्या लांब केसांवरून बैठकीत केलेली टिप्पणी जशीच्या तशी खरी धरली तरी तिला लैंगिक छळ म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. काही लोक हा निकाल 'आता काहीही बोला' अशा थाटात ग्रुपवर फिरवत होते. तसं त्यात काहीही नाही. एखादी गोष्ट त्या कायद्याखाली छळ ठरली नाही म्हणून ती बोलायला योग्य ठरत नाही. बैठकीत दहा जणांपुढे कोणाच्याही केसांचा, जाडीचा, रंगाचा विषय काढायची गरजच काय? ही कायद्याच्या अलीकडची, साध्या माणुसकीची गोष्ट आहे.

आजारपण

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक खटला चालला. त्याचं नाव 'एमएक्स विरुद्ध झेडवाय'. ही अक्षरं म्हणजे माणूस आणि त्याची कंपनी. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराचं काम तो एचआयव्हीबाधित आहे म्हणून काढून घेतलं होतं, तो काम करायला पूर्ण सक्षम असताना. न्यायालयाने सांगितलं, तब्येत काम करण्याजोगी असेल आणि इतरांना धोका नसेल तर केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. निकाल मोठा आहेच. मला त्याहून जास्त भिडतं ते त्याचं नाव. तो माणूस नाव झाकून न्याय मागू शकला. न्यायालयाने त्याच्या हक्काचं रक्षण करताना त्याचा आजार गावभर केला नाही. पुढे २०१७ साली याबद्दल कायदाच झाला, २०१८पासून तो लागू आहे, आणि त्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती उघड करायला मनाई आहे.

आपल्या ऑफिसात असं कोणी नाही, असं म्हणून हा विषय बाजूला सारू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हजेरीची एक्सेल शीट यायची. पाच विभागप्रमुख ती उघडायचे, ते आपापल्या माणसांना पाठवायचे. त्यात नाव, तारीख, रजेचा प्रकार आणि शेवटचा रकाना 'कारण'. एके दिवशी मी त्या रकान्यात वाचलं: 'केमो, तिसरी'. त्याखालच्या ओळीत दुसऱ्या एकीच्या नावापुढे 'गर्भपात'. कोणी दुष्टपणाने लिहिलं नव्हतं. रकाना होता म्हणून भरला होता. किमान तीस जणांकडे ती शीट गेली असेल. पगार काढणाऱ्याला रजा पगारी की बिनपगारी एवढंच हवं असतं, विभागप्रमुखाला माणूस कधी येणार एवढंच. कारण कळायला हवं ते फक्त रजा मंजूर करणाऱ्या एका व्यक्तीला, आणि कधीकधी तिलाही नाही, डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं. त्या दिवशी मी तो रकाना काढून टाकला. कोणालाही त्याची उणीव भासली नाही.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता याच दिशेने बोलतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला त्यात मालकाला मुभा आहे, पण ती नीट सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावरच आहे आणि त्यात कसूर झाली तर दंड दोनशे पन्नास कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ऑफिसचा मेल कंपनीचा असतो, कामासाठी तो तपासला जाऊ शकतो, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. डॉक्टरांचे रिपोर्ट, घरचे वाद, कर्जाचे कागद तिथे ठेवू नका. आणि तपासण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने तपासताना दिसलेलं चहाच्या टपरीवर नेऊ नये.

जात

हा विषय आमच्याकडच्या प्रशिक्षणांत बहुधा येतच नाही, म्हणून इथे आणते. नवीन माणूस आला की 'आडनाव काय, गाव कुठलं' हे विचारताना विचारणाऱ्याला काय हवं असतं ते दोघांनाही ठाऊक असतं. 'कोट्यातून आलाय' हे वाक्य तर मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून सहज निघताना ऐकलंय. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९चा कायदा ऑफिसच्या दारात थांबत नाही. जातीवरून मुद्दाम केलेला अपमान, जातीचं नाव घेऊन दिलेली शिवी, 'लोकांच्या नजरेसमोर' झाली की गुन्हा ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणीही हजर नसताना झालेलं बोलणं या कलमात बसत नाही. म्हणजे इथेही प्रश्न कोणासमोर हाच. पण या एका बाबतीत मी माझा नेहमीचा प्रश्न विचारत नाही. हे बोलणं कोणालाच ऐकू जाता कामा नये, कारण ते निघताच कामा नये.

ग्रुप, टिक आणि स्क्रीनशॉट

व्हॉट्सअॅपबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून पटापट सांगते. मेसेज 'अनौपचारिक' असतो, त्याला किंमत नाही, हा पहिला गैरसमज. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं. नोटीस टाळणाऱ्या माणसाला पीडीएफ मिळाली होती आणि त्याने ती उघडली होती, हे टिकांवरून दिसत होतं. मेलवरच्या होकाराचंही तसंच. सगळ्या अटी मेलवर ठरून दोन्ही बाजूंनी मान्य झाल्या असतील तर सही-शिक्क्याचा कागद नंतर झाला नाही तरी करार होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलंय. त्यामुळे पुरवठादाराला मोबाइलवरून 'ओके, करा' लिहिण्याआधी, ते लिहायचा अधिकार आपल्याला आहे का ते पाहावं.

ग्रुपमध्ये कोणी घाण टाकली तर अॅडमिन तुरुंगात, हा दुसरा. नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. कायद्यातून सुटका झाली तरी माणूस म्हणून अॅडमिनने ती पोस्ट काढायला हवी आणि टाकणाऱ्याला बाजूला घेऊन सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांसमोर झापायचं नाही, बाजूलाच.

तिसरा गैरसमज उलट्या बाजूचा: न आवडणारं काहीही ऑनलाइन लिहिलं की गुन्हा. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा गवगवा झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कंपनीच्या कँटीनबद्दल, पाळ्यांबद्दल, पगार उशिरा झाल्याबद्दल कोणी ग्रुपवर कडक लिहिलं तर त्याला धमकी देणारं पत्र पाठवू नका. आधी पगार वेळेवर करा.

आणि स्क्रीनशॉट. 'माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे' असं म्हणणाऱ्यांना वाटतं की झालं काम. डिजिटल पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली आपल्याच जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात पक्कं केलं. मूळ उपकरणच न्यायालयात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. नव्या साक्ष अधिनियमात ही तरतूद ६३व्या कलमात आहे. म्हणून त्रास होत असेल तर मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलताना जुना विकून टाकू नका, आणि चित्र कापून-छाटून ठेवू नका. आधीचं-नंतरचं संभाषण दिसू द्या. तो पुरावा योग्य ठिकाणी दाखवायसाठी असतो. चार मैत्रिणींना फॉरवर्ड केला की तुमच्याच तक्रारीची गुप्तता तुम्ही सोडलेली असते.

बीकेसीतल्या कुजबुजी

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँका-वित्तसंस्थांत, आणि एकूणच मुंबईतल्या हजारो लोकांच्या टेबलावर असे आकडे असतात ज्यांनी उद्या एखाद्या शेअरचा भाव हलेल. त्यात बँकर असतात, तसेच निकालाची फाइल छापणारा मुलगा, ती फाइल नेणारा शिपाई आणि अनुवाद करणाऱ्या बाईही असतात. सेबीच्या २०१५च्या नियमांनुसार अशी जाहीर न झालेली माहिती कामाच्या रास्त कारणाशिवाय कोणालाही द्यायची नाही, आणि कोणाला दिली याची डिजिटल नोंद कंपनीने पॅनसकट ठेवायची. म्हणजे 'हे कोणाला कळायला हवं' या प्रश्नाचं उत्तर इथे चक्क वहीत लिहून ठेवावं लागतं. भंग झाला तर दंड दहा लाखांपासून पंचवीस कोटींपर्यंत, किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तिथवर जाऊ शकतो. काही कंपन्यांचे निकालाचे आकडे आधीच व्हॉट्सअॅपवर फिरल्याच्या प्रकरणात सेबीने काही जणांना दंड केला होता. रोखे अपील न्यायाधिकरणाने २०२१ साली तो रद्द केला, कारण ते मेसेज कंपनीच्या आतूनच फुटले हे सिद्ध झालं नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. सुटले खरे, पण मधली वर्षं चौकशीत आणि वकिलांच्या फेऱ्यांत गेली. घरी नवऱ्याला 'आमचे निकाल यंदा झकास आहेत' एवढं सांगणंही इथे सांगणंच असतं.

ज्याला कळायला हवं, त्याला कळतंय का?

इतका वेळ नको त्याला कळण्याबद्दल लिहिलं. उलट बाजू तितकीच गंभीर आहे. मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसांत परिपत्रकं इंग्रजीत निघतात. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, गोडाऊनमधली माणसं यांना ती कोणी वाचून दाखवत नाही. आणि मग 'नोटीस लावली होती, वाचली नाहीत?' असं विचारलं जातं. कामगारांना कामाचे नियम बहुसंख्यांना समजणाऱ्या भाषेत कळले पाहिजेत, हे आपल्या कायद्याने १९४६च्या स्थायी आदेश कायद्यातच मान्य केलं होतं. १९४८च्या कारखाना कायद्यातही सूचनाफलकाबद्दल तेच होतं. दहा माणसांच्या वातानुकूलित ऑफिसला हे कलम लागू असो-नसो, न समजणाऱ्या कागदावर अंगठा किंवा सही घेणं मला अनीतीचं वाटतं. आमच्याकडे आता प्रत्येक परिपत्रक मराठी आणि हिंदीत निघतं. तरीही मी सकाळची पाळी सुरू होताना ते वाचून दाखवते आणि मग एकाला विचारते, "दादा, यात काय म्हटलंय ते तुमच्या शब्दांत सांगा." तो काय सांगतो त्यावरून मला कळतं मी नीट लिहिलं होतं की नाही. दोनदा मला आख्खं परिपत्रक पुन्हा लिहावं लागलंय.

बदनामी

आता जी गोष्ट मला सगळ्यात जड जाते ती सांगते.

न्याय संहितेचं ३५६वं कलम बदनामीचं आहे, पूर्वीचं ४९९ आणि ५००. बोलून, लिहून, खुणेने किंवा चित्राने कोणाची अब्रू जाईल असा आरोप तिसऱ्या माणसापर्यंत पोचवणं म्हणजे बदनामी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. तो साधारण एका वर्षाच्या आत करावा लागतो. फौजदारी बाजूने 'मी खरं तेच बोललो' एवढंही पुरत नाही. ते लोकहितासाठी बोललं होतं, हेही दाखवावं लागतं.

पण कायद्याने ऑफिसचं तोंड बांधलेलं नाही. त्या कलमाला दहा अपवाद आहेत. ज्याच्याकडे अधिकार आहे अशा वरिष्ठाने हाताखालच्याला चांगल्या हेतूने ताकीद दिली, ती बदनामी नाही. योग्य अधिकाऱ्याकडे चांगल्या हेतूने तक्रार केली, ती बदनामी नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी दिलेली सूचनाही नाही. नीट पाहिलं तर या अपवादांत हेतू आहे आणि माणूस आहे: कोणी, कोणाला, कशासाठी. तीच ताकीद बंद खोलीत दिली तर शिस्त, आणि चाळीस जणांना सीसीत ठेवून दिली तर उत्तर देणं अवघड.

पंधराएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होते. तिथे गोडाऊन सांभाळणारे एक गृहस्थ होते, निवृत्तीला चारेक वर्षं राहिलेली, सगळे त्यांना काका म्हणायचे. वार्षिक मोजणीत तांब्याच्या वायरची अकरा बंडलं कमी भरली. वरून सांगण्यात आलं, नोटीस लावा, बाकीच्यांनाही जरब बसेल. ती मी टाइप केली. 'मालाच्या अपहाराबाबत' असे शब्द होते, खाली काकांचं पूर्ण नाव. एक प्रत पंचिंग मशीनशेजारी, एक कॅन्टीनच्या दाराला. चौकशी अजून सुरूही झालेली नव्हती. 'तफावत' लिहायचं सोडून मी 'अपहार' लिहिलं होतं, आणि ज्या गोष्टीची गरज चौकशी करणाऱ्या दोघांना होती ती मी एकशे साठ माणसांच्या डोळ्यांसमोर टांगली होती.

काका रोज येत राहिले. फक्त कॅन्टीनमध्ये येणं बंद झालं. डबा गोडाऊनमध्ये, पत्र्याच्या कपाटामागे बसून खायचे.

नवव्या दिवशी सापडलं. एकच चलन आवक रजिस्टरमध्ये दोनदा चढवलेलं होतं. बंडलं कधी आलीच नव्हती, मग जाणार कुठून? नोटिसा उतरल्या. काकांना बंद पाकिटात पत्र दिलं गेलं, 'प्रकरण निकाली काढण्यात आले आहे'. ते पाकीट घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, हे मी कॅन्टीनवाल्या पोराला कसं दाखवू?"

मी त्यांना बसवलं आणि माफी मागितली. मग वर जाऊन सांगितलं की आरोप जितक्या जणांनी वाचला तितक्या जणांनी खुलासा वाचला पाहिजे, नाहीतर आपण काहीच मिटवलेलं नाही. परवानगी मिळायला दोन दिवस लागले. दुसरी नोटीस मी पहिल्याच अक्षरांच्या आकारात टाइप केली, मराठीत: तफावत नोंदीतल्या चुकीमुळे दिसली, माल कमी झालेला नव्हता, काकांचा यात काहीही दोष नाही, कंपनी दिलगीर आहे. एक प्रत पंचिंग मशीनशेजारी, एक कॅन्टीनच्या दाराला, त्याच खिळ्यांवर. सकाळच्या पाळीला ती मोठ्याने वाचून दाखवली, दुपारच्याही.

पहिली नोटीस नऊ दिवस होती. दुसरी मी महिनाभर काढली नाही. पाचव्या दिवशी दुपारी काका डबा घेऊन कॅन्टीनमध्ये आले आणि दाराशेजारच्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसले.